पहिली ट्रायथलॉन: पाण्यातून सायकलवर, सायकलवरून पायांवर

पोहता येतं, सायकल चालवता येते, धावायची सवय आहे. मग ट्रायथलॉन जमेल का? हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. जमेल, नक्की जमेल. मात्र तिन्ही येत असूनही पहिल्या शर्यतीत लोकांची त्रेधा उडते, आणि ती उडते दोन टप्पे जिथे जोडले जातात तिथे. पाण्यातून बाहेर येऊन ओल्या अंगाने, गरगरत्या डोक्याने हेल्मेट शोधायचं. तासभर सायकल मारून उतरलं की परक्या वाटणाऱ्या पायांवर लगेच धावायला लागायचं. घड्याळ सुरुवातीच्या भोंग्याला चालू होतं ते थेट अंतिम रेषेवर थांबतं. कपडे बदलण्याचा वेळही त्यातच धरला जातो. नवख्यांना होणारे बरेच दंडही याच सांध्यांवर होतात. म्हणून या लेखात मी तीन खेळ वेगवेगळे शिकवत बसणार नाही. शर्यत ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने जाऊ, आणि तयारी आणि नियम जिथे लागतील तिथे बघू.

थोडा इतिहास, कारण त्यावरून खेळाचा स्वभाव कळतो. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात मिशन बे या खाडीकाठी तिथल्या ट्रॅक क्लबने ट्रायथलॉन या नावाची एक स्पर्धा घेतली. जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनहन हे तिचे आयोजक. ४६ जण आले होते. त्यांतल्या जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याने आणि त्याची पत्नी ज्युडी हिने पुढे हवाईतल्या ओआहू बेटावर लांब पल्ल्याची स्पर्धा घडवून आणली. बेटावर पोहण्याची, सायकलची आणि मॅरेथॉनची अशा तीन स्पर्धा आधीपासून होत्याच. त्या एकाच दिवशी पाठोपाठ करायच्या, ही त्यांची कल्पना. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली, आणि गॉर्डन हॉलर पावणेबारा तासांहून थोड्या जास्त वेळात पहिला आला. आयर्नमॅनचा जन्म असा झाला. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिलाच आज वर्ल्ड ट्रायथलॉन म्हणतात. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा दिसला.

अंतर निवडणं

ट्रायथलॉन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आयर्नमॅनच येते: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.२ किलोमीटर. तिच्या निम्मी ती हाफ, जिला मैलांच्या बेरजेवरून ७०.३ म्हणतात: १.९, ९० आणि २१.१. ऑलिम्पिक म्हणजेच स्टँडर्ड अंतर १५०० मीटर, ४० आणि १० किलोमीटर. स्प्रिंट त्याच्या बरोबर निम्मी: ७५० मीटर, २० आणि ५. त्याहून छोटी सुपर स्प्रिंट, साधारण ४०० मीटर, १० आणि अडीच किलोमीटर.

पहिली शर्यत स्प्रिंट किंवा सुपर स्प्रिंटच असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मॅरेथॉन धावलेली माणसं थेट हाफला नाव घालतात, ते मला पटत नाही. छोट्या शर्यतीत सगळे नियम, दोन्ही बदल, पाण्यातली गर्दी आणि जड पायांचं धावणं, सगळं पदरात पडतं. चुकलं तरी पुढचे सहा तास त्या चुकीची किंमत मोजावी लागत नाही. साधारण तयारीच्या माणसाला स्प्रिंटला दीड ते दोन तास लागतात.

नाव नोंदवण्यापूर्वी माहितीपत्रकात चार गोष्टी शोधा. पोहणं तलावात आहे, समुद्रात की जलतरण तलावात? प्रत्येक टप्प्याची कट-ऑफ वेळ, म्हणजे तो संपवायची शेवटची मुदत, किती? सायकलचा मार्ग चढाचा आहे का? आणि ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवायला, परवानगी आहे की मनाई? शेवटच्या प्रश्नाबद्दल पुढे सविस्तर सांगतो. हृदयाचा त्रास असेल, घरात कुणाला असेल किंवा व्यायामात छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा आणि मग फॉर्म भरा.

सामान

फार लागत नाही. पोहण्याचा चष्मा, चालू स्थितीतली सायकल, प्रमाणित हेल्मेट, धावण्याचे बूट. बस. सायकल कुठलीही चालते, मात्र दोन्ही चाकांना ब्रेक हवेत आणि हँडलची उघडी टोकं बुचांनी बंद हवीत. ही बुचं क्षुल्लक वाटतात, पण उघड्या नळीवर माणूस पडला तर ती अंगात घुसते. म्हणूनच तपासणीत त्यावर सायकल अडवतात. हेल्मेटला तडा गेला असेल तर ते बदला.

दोन वस्तू मात्र जरूर घ्या. एक ट्राय-सूट: तो घालून पोहता येतं, सायकल चालवता येते, धावताही येतं, म्हणजे कपडे बदलण्याचा प्रश्नच मिटतो. दुसरी, क्रमांकाचा पट्टा. बिब, म्हणजे छापील क्रमांकाचा कागद, त्याला अडकवला की सायकलवर पाठीमागे आणि धावताना पुढे फिरवता येतो, आणि बहुतेक ठिकाणी तो तसाच असावा लागतो. बुटांना इलॅस्टिकच्या लेस लावल्या तर ओल्या बोटांनी गाठ मारत बसावं लागत नाही.

तयारीचे बारा आठवडे

सलग ४०० मीटर पोहता येत असेल आणि अर्धा तास न थांबता धावता येत असेल, तर स्प्रिंटसाठी बारा आठवडे पुरतात. पोहता येत नसेल तर मोजणी पोहणं शिकल्यावर सुरू करा. आठवड्यात पोहण्याचे दोन, सायकलचे दोन आणि धावण्याचे दोन सराव. एक दिवस पूर्ण विश्रांती. दर चौथ्या आठवड्यात भार कमी करा. बरेचसे सराव असे असावेत की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. नवखा माणूस रोजच जीव तोडून पळतो आणि पाचव्या आठवड्यात पोटरी किंवा गुडघा धरून बसतो.

या सगळ्यात एक सराव चुकवू नका: ब्रिक. सायकलवरून उतरायचं आणि लगेच, पाच मिनिटंही न बसता, धावायला लागायचं. सुरुवातीला अर्धा तास सायकल आणि दहा मिनिटं धावणं पुरे. पहिल्या वेळी पाय आपले नाहीतच असं वाटेल. मांड्या भरलेल्या, पावलं आखूड, आणि वेगाचा अंदाज पार चुकलेला: हळू धावतोय असं वाटतं आणि घड्याळात भलताच वेग दिसतो. चार-सहा ब्रिक झाल्या की हे पहिलं किलोमीटर अंगवळणी पडतं. आठवड्यातून एकदा, निदान दहा दिवसांतून एकदा तरी ही जोडी कराच.

पाणी

पोहणं पहिलं का? कारण थकलेला सायकलस्वार थांबू शकतो, थकलेला धावपटू चालू शकतो. थकलेला पोहणारा बुडू शकतो. म्हणून अंगात सगळ्यात जास्त ताकद असताना पाणी उरकून घेतात. तरीही ट्रायथलॉनमध्ये झालेल्या मृत्यूंपैकी बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात झालेले आहेत. घाबरवायला हे सांगत नाही, पण तयारीचा सगळ्यात मोठा वाटा इथे घालायला हवा तो यामुळेच.

जलतरण तलावात तळाला काळी रेघ असते, पन्नास मीटरवर भिंत असते, पाणी स्वच्छ असतं. खुल्या पाण्यात यातलं काहीच नाही. खाली हिरवट अंधार, आजूबाजूला लाथा आणि कोपर, थंड पाण्याने आखडलेली छाती. जलतरण तलावात दोन किलोमीटर सहज पोहणाऱ्यालाही पहिल्या शंभर मीटरात श्वास सापडेनासा होतो. असं झालं तर पाठीवर वळा आणि तरंगा. श्वास पूर्ण बाहेर सोडण्याकडे लक्ष द्या. घाबरलेला माणूस नुसता आत ओढत राहतो, आणि छाती हवेने भरलेली असतानाच दम कोंडतो. मिनिटभराने ब्रेस्टस्ट्रोकने पुढे निघा. जमलं की मग फ्रीस्टाइल.

नियम इथे फार उदार आहेत. कुठल्याही प्रकारे पोहा, चालतं. तळाला पाय लागत असतील तर उभे राहा. दमलात तर बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा), होडी किंवा कयाक धरून विसावा घ्या. अट एवढीच की ते धरून पुढे सरकायचं नाही. मदत हवी असेल तर एक हात उंच करून हाक मारा. बचावपथकाने प्रत्यक्ष मदत करून बाहेर काढलं की तुमची शर्यत तिथे संपते, आणि ते योग्यच आहे. पायात पंखे, हातात पॅडल, अंगाला तरंगती साधनं यांना मनाई. आयोजकांनी दिलेली टोपी घालावीच लागते, कारण काठावरून आणि होडीवरून माणसं तिच्यावरूनच मोजतात.

वेटसूट म्हणजे पोहताना घालायचा रबरी, घट्ट पोशाख. त्याचा नियम पाण्याच्या तापमानावर ठरतो. वेटसूट अंगाला ऊब देतो तसाच माणसाला वर तरंगवतोही, म्हणजे त्याचा फायदा मिळतो. हौशी गटांत १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्याला पाणी २२ अंशांच्या वर असेल तर तो चालत नाही. लांब पल्ल्याला ही मर्यादा साधारण साडेचोवीस अंश आहे. जाडी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पाणी फार गार असेल तर उलट सक्ती होते. निर्णय शर्यतीच्या सकाळी जाहीर होतो, तेव्हा दोन्ही शक्यतांची तयारी ठेवा. वेटसूट घालणार असाल तर मानेला आणि काखेत वंगण लावा, आणि तो घालून आधी दोन-तीनदा पोहा. छातीवर त्याचा दाब येतो आणि तो दाब पहिल्यांदा शर्यतीत अनुभवायचा नसतो.

सरावात तीन गोष्टी घोटून घ्या. पहिली, दिशा बघणं. दर सहा-आठ हातांनी मान पुढे करून डोळे तेवढेच पाण्यावर आणायचे, बोया कुठे आहे ते टिपायचं आणि बाजूला वळून श्वास घ्यायचा. डोकं जास्त उचललं की कंबर बुडते आणि वेग जातो. बोया दिसत नसेल तर तिच्या मागचं उंच झाड किंवा इमारत आधीच हेरून ठेवा. दुसरी, दोन्ही बाजूंनी श्वास घेता येणं, कारण ऊन किंवा लाटा एकाच बाजूने येत असतात. तिसरी, पुढच्याच्या पायामागे पोहणं. पाण्यात याला परवानगी आहे आणि ताकदही वाचते, मात्र त्याच्या तळव्यांना सारखा हात लावू नका.

खुल्या पाण्यात एकट्याने कधीही उतरू नका. रंगीत टोपी, कमरेला ओढता येणारा तरंगता फुगा आणि सोबतीला माणूस, हे हवंच. पोहताना खोकला, छातीत घरघर किंवा फेसाळ थुंकी येऊ लागली तर क्षणभरही न थांबता बाहेर या. दमल्यामुळे असं होत नाही. फुप्फुसात पाणी साचल्याचं ते लक्षण असू शकतं आणि त्यात जोर लावणं जिवावर बेतू शकतं.

सुरुवात करताना कडेला किंवा मागे उभे राहा. दहा सेकंद उशीर झाला तर काही बिघडत नाही. शेवटच्या पन्नास मीटरात पाय जरा जोरात मारा, म्हणजे उभं राहिल्यावर ते कामाला तयार असतात. आडवं असलेलं शरीर एकदम उभं झालं की डोकं गरगरतं. पहिली दहा पावलं चालत टाकली तरी चालेल.

पहिला बदल

ज्या कुंपणात सायकली टांगलेल्या असतात त्याला ट्रान्झिशन म्हणतात. पोहण्यानंतरचा बदल तो टी-वन, सायकलनंतरचा टी-टू. शेकडो सायकली एकसारख्या दिसतात. सकाळी सामान लावून झालं की पाण्याच्या दारापासून आपल्या जागेपर्यंत आणि तिथून सायकलच्या दारापर्यंत दोनदा चालून या. कितवी रांग, कुठल्या खांबाजवळ, ते मोजा. जागा ओळखू यावी म्हणून फुगा किंवा झेंडा लावायला परवानगी नसते.

हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर मोकळे, आत उन्हाचा चष्मा. बूट तोंड उघडून खाली. बिबचा पट्टा बुटांवर. आता क्रम ऐका आणि पाठच करा: टोपी आणि पोहण्याचा चष्मा काढा, वेटसूट असेल तर धावताधावताच कमरेपर्यंत आणि जागेवर पूर्ण उतरवा, हेल्मेट डोक्यावर, पट्टा खट्कन बंद, आणि त्यानंतरच सायकलला हात.

हा नियम सगळ्या ट्रायथलॉनमध्ये सारखा आहे आणि नवखे सगळ्यात जास्त यावरच अडकतात. सायकल रॅकवरून काढण्याआधी हेल्मेटचा पट्टा लागलेला हवा, आणि परत आल्यावर सायकल रॅकला लावेपर्यंत तो सोडायचा नाही. सायकल हातात असताना पट्टा मोकळा दिसला की पंच अडवतो. मी स्वतः एकदा टी-टूमध्ये घाईने, सायकल लावण्याच्या तीन पावलं आधी पट्टा सोडला होता. पंचाने थांबवलं, पुन्हा लावायला लावला, वर दंडही दिला. तेव्हा राग आला होता. पुढे एका शर्यतीत सायकलवर बसायच्या रेषेजवळच दोन जणांना एकमेकांत अडकून डांबरावर डोकं आपटताना पाहिलं. दोघांचेही पट्टे लागलेले होते, म्हणून दोघंही उठून बसले. तेव्हापासून हा नियम मी शिकणाऱ्यांना सर्वांत आधी सांगतो.

ट्रान्झिशनमध्ये सायकलवर बसायचं नाही. हाताने ढकलत धावायचं. बाहेर जमिनीवर माउंट रेषा, म्हणजे सायकलवर बसायची रेषा, आखलेली असते. ती ओलांडल्यावर एक पाऊल पूर्ण जमिनीला टेकलं पाहिजे, मग टांग टाका. रेषेच्या अगदी तोंडावर गर्दी होते. पाच-सात मीटर पुढे जाऊन कडेला बसा. निघताना हलका गियर लावलेला असू द्या, आणि तो आदल्या संध्याकाळीच लावून ठेवा.

आपलं सामान आपल्याच जागेत राहिलं पाहिजे. शेजाऱ्याची वस्तू सरकवणं, आपला वेटसूट वाटेत फेकणं, यावर दंड होऊ शकतो. उघड्यावर कपडे बदलून नग्न होण्यालाही मनाई आहे.

सायकल आणि ड्राफ्टिंग

सायकलस्वाराची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या आडोशाला गेलं की ती हवा तो कापतो आणि मागच्याचे श्रम खूप कमी होतात. यालाच ड्राफ्टिंग म्हणतात. ऑलिम्पिकमध्ये ते चालतं, म्हणून तिथे सायकलींचे थवे दिसतात. हौशी स्पर्धांत मात्र बहुधा मनाई असते, कारण शर्यत एकट्याच्या बळावर व्हावी असा हेतू आहे. शिवाय चाकाला चाक लावून चालवण्याची सवय नसलेल्यांचे थवे पडले तर एकाबरोबर दहा जण पडतात.

मनाई असलेल्या शर्यतीत प्रत्येक सायकलमागे एक अदृश्य पट्टा असतो. स्टँडर्ड आणि त्याहून छोट्या अंतरांत तो १० मीटर लांब, हाफ आणि फुलमध्ये १२ मीटर. तो पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकाच्या टोकापासून मोजतात, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. म्हणजे त्याचं मागचं चाक आणि तुमचं पुढचं चाक यांच्यामध्ये जवळपास पाच सायकली बसतील एवढी जागा हवी. या पट्ट्यात शिरायचं ते ओलांडून जाण्यासाठीच: छोट्या अंतरांत २० सेकंदांत, लांब पल्ल्यात २५ सेकंदांत. तुमचं पुढचं चाक त्याच्या पुढच्या चाकापुढे गेलं की तुम्ही ओलांडलंत. आता मागे हटून पट्ट्याबाहेर जाणं त्याचं काम. इथेच अन्याय झाल्यासारखं वाटतं, कारण आपण आपल्या गतीने जात असतो आणि कुणीतरी पुढे येऊन बसतो. तरी हटायचं आपणच. चिडून लगेच पुन्हा ओलांडायला गेलात तर दंड तुम्हाला होईल.

नेमून दिलेल्या कडेने चालवा आणि ओलांडायचं असेल तेव्हाच दुसऱ्या बाजूला जा. मागच्याची वाट अडवणं हाही गुन्हाच आहे. ड्राफ्टिंगला निळं कार्ड, इतर वेळेच्या दंडांना पिवळं, लाल म्हणजे बाद. निळं कार्ड मिळालं तर मार्गावरच्या दंडकक्षात थांबून वेळ भरावा लागतो. न थांबता गेलात तर बाद. पंचाशी रस्त्यावर वाद घालू नका. वेळ भरा, पुढे निघा, तक्रार असेल तर शर्यतीनंतर करा.

पंक्चर काढता आलंच पाहिजे. ट्यूब, टायर उचकटायचे दोन लिव्हर आणि पंप सोबत ठेवा आणि घरी मागचं चाक निदान तीनदा काढून लावा. बाहेरच्या माणसाची, अगदी रस्त्याकडेच्या भावाचीही मदत चालत नाही. दुसऱ्या स्पर्धकाने ट्यूब किंवा पंप दिला तर मात्र चालतं. आपली अख्खी सायकल देऊन त्याने स्वतः थांबावं, हे चालत नाही. सायकल बंद पडली तर ती ढकलत चालत जायला कुणाची आडकाठी नाही.

खाण्यापिण्याचं काम सायकलवरच उरकायचं, कारण धावताना पोट ऐकत नाही. स्प्रिंटला घोट घोट पाणी आणि एखादं जेल (ताकदीसाठी खायचा घट्ट गोड पदार्थ) पुरतं. शर्यत दोन तासांच्या पुढे जाणार असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. जे सरावात खाल्लेलं नाही ते शर्यतीत तोंडात घालू नका. आणि भीतीपोटी नुसतं पाणी ढोसत राहू नका. रक्तातलं सोडियम घसरलं तर ते तहानेपेक्षाही घातक ठरतं. रिकामी बाटली किंवा वेष्टन ठरवून दिलेल्या जागेतच टाका. इतरत्र फेकलेल्या कागदावरही दंड आहे.

दुसरा बदल आणि धावणं

शेवटच्या किलोमीटरला गियर हलका करा आणि पाय जरा भरभर फिरवा. उतरायची रेषा आधीच बघून ठेवलेली असावी. तिच्या अलीकडे एक पाऊल पूर्ण जमिनीला लागलं पाहिजे. पळत जाऊन सायकल आपल्याच जागी लावा, मग हेल्मेट काढा, सायकलचे वेगळे बूट असतील तर ते बदला, बिब पुढे फिरवा. हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून धावायला निघालेली माणसंही मी पाहिली आहेत. एवढी धांदल उडते. क्रम पुटपुटत केला की असं होत नाही.

धावण्याचं पहिलं किलोमीटर मुद्दाम हळू. ब्रिक केल्या असतील तर पाय सुटायला फार वेळ लागणार नाही. चालायला मनाई नाही. पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी वीस पावलं चालून नीट प्यालात तर शेवटी वेळ वाचतोच. अंगावर कपडा हवा, उघड्या छातीने धावता येत नाही. कानात गाणी नकोत, कुठल्याच टप्प्यात: मागून येणारा ओरडला तर ऐकू आलं पाहिजे. काचेच्या वस्तूंना मनाई. मित्राने शेजारून धावत तुमची गती सांभाळणं हे बाहेरची मदत समजतात. शेवटच्या शंभर मीटरला मुलाला कडेवर घेऊन रेषा ओलांडायचा मोह अनेकांना होतो. बऱ्याच स्पर्धांत तेही चालत नाही, आधी विचारून घ्या.

मदतीवरून दोन प्रसंग सांगतो. २०१६ मध्ये मेक्सिकोतल्या कोझुमेल इथल्या शर्यतीत ब्रिटिश खेळाडू जॉनी ब्राउनली पहिला धावत असताना उन्हाने अडखळू लागला. मागून आलेला त्याचा थोरला भाऊ, ऑलिम्पिक विजेता ॲलिस्टर, याने त्याला खांद्याचा आधार देत रेषेपर्यंत आणलं आणि पुढे ढकललं. जॉनी दुसरा, ॲलिस्टर तिसरा. जगभर लोक हेलावले. आजच्या नियमांत दुसऱ्या स्पर्धकाला असं शारीरिक बळ देऊन पुढे नेता येत नाही. दुसरा प्रसंग २०१९ मधला, टोकियोतल्या ऑलिम्पिकपूर्व शर्यतीचा. जेसिका लर्मंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन या दोन ब्रिटिश मैत्रिणींनी हातात हात घालून एकत्र रेषा ओलांडली, आणि दोघी बाद झाल्या. ठरवून बरोबरी साधायला मनाई आहे. मला स्वतःला पहिला नियम आजही जड जातो, पण त्याचं कारण कळतं: कोसळणाऱ्या माणसाला वैद्यकीय पथकाची गरज असते, रेषेची नसते.

शेवट ठरतो तो धडावर. हात किंवा डोकं आधी गेलं तरी उपयोग नाही. छातीपोटाचा कुठलाही भाग रेषेवर आला तो क्षण धरतात.

आदला दिवस आणि सकाळ

नियमांची सभा चुकवू नका. मार्गातले बदल तिथेच कळतात. सायकल तपासून घ्या, चाकांत हवा भरा, पण ऊन कडक असेल तर सकाळपर्यंत थोडी कमीच ठेवा. नवे बूट, नवा चष्मा, नवं जेल, काहीही नवीन नको. झोप आदल्या रात्री लागत नाही बहुतेकांना, म्हणून दोन दिवस आधीची रात्र पुरेपूर झोपा.

सकाळी शर्यतीच्या तीन तास आधी हलकं, ओळखीचं खाणं. वेळेची चिप डाव्या घोट्याला बांधा. सायकलची साखळी उजव्या बाजूला असते, त्यात ती अडकायला नको. ब्रेक पुन्हा एकदा दाबून बघा. पाण्यात उतरायला परवानगी असेल तर पाच मिनिटं आधी उतरा, चेहरा बुडवा, पाण्यात श्वास सोडा. छाती एकदा त्या गारव्याला सरावली की भोंगा वाजल्यावरचे पहिले शंभर मीटर पुष्कळ सोपे जातात.

संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत राहा, कोरडे कपडे घाला. चिप परत द्या. सायकल न्यायला जाल तेव्हा मनगटावरचा पट्टा आणि सायकलवरचा क्रमांक जुळवूनच बाहेर सोडतात, तेव्हा तो पट्टा आनंदाच्या भरात कापून टाकू नका. आणि अजून कुणी धावत येत असेल, तर त्याच्या मार्गावरून सायकल आडवी नेऊ नका. कडेला थांबा, त्याला आधी जाऊ द्या.